चौदावा प्रश्न

लिफ्ट कोसळली तेव्हा आतल्या मुलाला मीच बाहेर ओढलं. त्याने जीव सोडला तो माझ्या मांडीवर, आणि त्या लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिकही मीच. माझ्यावर हलगर्जीपणाचा फौजदारी खटला उभा राहिला, वर त्याच्या आईने वेगळा दिवाणी दावा लावला. तिच्या वकिलाने मला चौदा प्रश्न पाठवले. तेरा होते ब्रेक आणि दोरांबद्दल, चौदावा तिने स्वतःच्या हाताने खाली लिहिला होता: ‘जाताना तो काही बोलला का?’

“फौजदारीचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने ही प्रश्नोत्तरं थांबवलीत,” माझे वकील म्हणाले. “तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.”

सहा वर्षं दर तारखेला ती समोरच्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आपला बुटांकडे बघायचो.

काल मी निर्दोष सुटलो आणि स्थगिती उठली. आज तेरा उत्तरं झरझर लिहिली. चौदाव्यापाशी पेन अडलं.



“काका, आईला यातलं काही सांगू नका हं,” म्हणाला होता. “उगाच घाबरेल.”