बुटक्या लोहाराचा हातोडा

“त्याचा हातोडा कुठाय?” क्लेमेंटीनने विचारलं आणि टेबलाभोवतीचे तिघे आपापल्या कागदांत डोकं घालून बसले.

जूचंद्रच्या या फ्लॅटमध्ये सव्वीस वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. फासे टाकायचे, राक्षस मारायचे, सगळं तोंडी. फाशांवरचे आकडेही आता पुसट झालेले. ऑगस्टीन त्यात बुटका लोहार व्हायचा. तो गेला त्याला वर्ष झालं. या खेळाला जन्मभर पोरखेळ म्हणणारी त्याची बायको क्लेमेंटीन आज चर्चमधली मिस्सा आटोपून, डबाभर तळलेले गोड फुगे घेऊन, पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीत, लोहाराच्या जागी, बसली होती.

चूक जयवंतची. खेळ तो चालवायचा. दफनाच्या दिवशी काही सुचेना म्हणून तो तिला बोलून गेला होता, वहिनी, लोहाराचा हातोडा आम्ही जपून ठेवलाय. हातोडा तर त्याआधीच, ऑगस्टीनच्याच हातून, खेळातल्या ज्वालामुखीत पडला होता.

आहे ना, पेटीत आहे, जयवंत म्हणाला. तेवढ्यात ज्ञानदाने त्याच्याकडे चिठ्ठी सरकवली. ती खेळातली जादूगारीण. ‘पेटीत ओंडका आहे. त्यावर भासविद्या टाकलीय.’

शेजारून चिठ्ठी वाचून संकेतने कपाळाला हात लावला. भासविद्येने वस्तूचं रूप बदलतं, वजन नाही. हात लावला की लाकूड ते लाकूडच. आणि हात लावला असं कोणी म्हणालं, की हाताला काय लागलं ते जयवंतला खरंखरं सांगावं लागे. नियमाच्या बाबतीत तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

जयवंतने तोंडीच पेटी उघडली. चांदीची मूठ, डोक्यावर कोरलेला पापलेट, एका कोपऱ्याला टवका. वर्णन जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. शेवटी विचारावंच लागलं, लोहार आता काय करतो?

क्लेमेंटीन रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली.

“बघतो,” ती म्हणाली. “लांबूनच बघतो. मग पेटी लावून टाकतो.”

ज्ञानदाने घाईघाईने एक फुगा तोंडात कोंबला. खेळ पुढे सरकला. क्लेमेंटीनने उसन्या कुऱ्हाडीने दोन राक्षस मारले, आणि तिसऱ्याला उगाच सोडलं म्हणून संकेतची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी जयवंत तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. आत बसता बसता ती म्हणाली,

“हातोडा आगीत पडला ना, जयवंत, त्या रविवारी तो घरी येऊन जेवला नव्हता.”