झाकणावरचे साहेब

मशीनमधला बिघाड मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सापडला. पण रजिस्टरमध्ये ‘बिघाड आढळला नाही’ असं लिहिलंय, आणि तेही सुरुचीच्याच अक्षरात; तेव्हा तो सापडलाच नाही असं धरून आपणही पुढे जाऊ.

तर तीन वाजता भोपाळच्या सरकारी छापखान्यात प्रोबेशनवरची तंत्रज्ञ सुरुची कटिंग मशीनच्या मागे उकिडवी बसली होती, आणि मशीन चालवणारे बाळूभाऊ तिच्या डोक्याशी उभे राहून तंबाखू मळत होते.

हे मशीन एका दणक्यात पाचशे कागद कापतं. कुठे कापायचं ते मागची सरकती पट्टी ठरवते, आणि पट्टी कुठे उभी आहे ते सेन्सर सांगतो. आठवडाभर पट्टी चार सेंटिमीटर चुकत होती. सरकारी अर्जाचे चाळीस हजार कागद तळाची ‘स्वीकृत / अस्वीकृत’ ही ओळ गमावून बसले होते. माणसाने काहीही मागावं, देण्याची सोयच नाही. तीन कार्यालयांत ते अर्ज चार दिवस वापरातही होते. एकाही साहेबाची तक्रार आली नाही. आली ती साकेत नगरातल्या एका पेन्शनरची.

नोटीस मात्र बाळूभाऊंना निघाली. बावीस वर्षांची नोकरी, नजर अधू झाल्याचा संशय. पाच वाजेपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निलंबन. सुटका एकच होती: सुरुचीने बिघाड मशीनचा आहे असं लिहून द्यायचं.

“सापडलं का काही, मॅडमजी, की मिसरोदची बस पकडायची वेळ झाली?”

“मापं बरोबर येताहेत, बाळूभाऊ. सकाळपासून अकरा वेळा बघितली.”

“तुम्ही बघता तेव्हा येतात. तुमची पाठ फिरली की बिघडतात. सासू दिसली की सून पदर घेते ना डोक्यावर, तशी आहे ही.”

“म्हणजे मशीन नाटक करतंय.”

“मी तर नाही करून राहिलो. माझे डोळे एकदम ठीक आहेत. तुमच्या मागे ग्रीस लागलंय, सकाळपासून दिसून राहिलं मला. सांगणार नव्हतो.”

दोष या माणसाच्या डोळ्यांतच निघावा, असं सुरुचीला मनापासून वाटत होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात पान्याऐवजी झाडू दिला होता. तिने उठून मागचं पत्र्याचं झाकण धाडकन लावलं.

पडद्यावरचा आकडा चार सेंटिमीटरने सरकला.

तिने झाकण उघडलं. आकडा जागेवर. लावलं. सरकला. सकाळपासून अकराही वेळा तिने झाकण उघडं ठेवून तपासलं होतं. तपासायचं म्हणजे उघडायचं, एवढंच तिला शिकवलं होतं.

झाकणाच्या बाहेर आठवड्यापूर्वी लावलेला सुरक्षा पंधरवड्याचा फलक होता. चार कोपऱ्यांना चार दणदणीत लोहचुंबकं, मधोमध हात जोडलेल्या, छापखान्याचे व्यवस्थापक असलेल्या विलास साहेबांचा फोटो, खाली ‘मेरी नज़र, आपकी सुरक्षा’. सेन्सर चुंबकावर चालणारा. परकं चुंबक जवळ आलं की त्याची मती गुंग.

“हां,” बाळूभाऊ म्हणाले. “म्हणजे साहेब मध्ये आले.”

साहेब खरोखरच आले. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आले होते, आणि रागावले की आणखी शुद्ध बोलत.

“फलक पंधरवडा संपेपर्यंत हलवता येणार नाही. तसा लेखी आदेश आहे.”

“कोणाचा, सर?”

“माझा. आणि तुमचं काम सेन्सर तपासण्याचं. सेन्सर ठीक आहे ना?”

“सेन्सर ठीक आहे, पण—”

“मग तेवढंच लिहा. तुमच्या प्रोबेशनची फाइल माझ्या टेबलावर आहे. तिच्यात ‘पण’ लिहायला जागा नाही.”

सुरुचीने लिहिलं. साहेब गेले. बाळूभाऊंनी ते सहा फुटांवरून, उलट्या बाजूने, एका दमात वाचलं.

“अक्षर छान आहे हो तुमचं.”

तिने रजिस्टर मिटलं. बाळूभाऊंनी परत आलेल्या गठ्ठ्यातला एक अर्ज ओढला, मशीनवरच ठेवून लिहायला बसले, आणि पाचला दहा कमी असताना तो तिच्यापुढे सरकवला.

“इथे सही करा. ‘शिफारस करणारा’. ही ओळ तेवढी ठेवली मशीनने.”

सुरुचीने अर्ज दोनदा वाचला. तिला टेबलावरची फाइल आठवली. झाडूही आठवला. मग तिने सही केली, खाली हुद्दा लिहिला, तारीख घातली. मंजुरी कुठे मिळायची ते बघायला नजर आणखी खाली नेली, तर तिथे कागदच संपला होता.

“आभार मानू नका,” ती म्हणाली.

“मानून नाही राहिलो.”

अर्ज सरकारी हिंदीत होता. मराठीत साधारण असा:

‘विषय: मशीनचा प्रभार सोपवण्याबाबत. महोदय, मी आज सायंकाळपासून निलंबित होत असल्याने कटिंग मशीनचा प्रभार मागील झाकणावरील आपल्या छायाचित्राकडे सोपवण्यात यावा. कागद कुठे कापायचा हे गेला आठवडाभर तेच ठरवीत आहे. प्रभार देण्यापूर्वी नियमानुसार छायाचित्राची नेत्रतपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती.’