पाठकोरा कागद

तिसरं पाकीट काशिनाथरावांनी उजेडाकडे धरलं, लाखेचा शिक्का शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच पट्टीनं फोडलं. टेबलापलीकडे सून वंदना साक्षीदार म्हणून बसली होती. तिच्या मांडीवर चिवड्याची पाकिटं होती आणि हातात लेबलं. साक्षीदारानं दुसरं काम करू नये, असा नियम होता. पण चिवड्यापुरता तो त्यांनी सकाळीच शिथिल केला होता.

प्रकरण लहानसंच होतं. पत्नी कमलिनीबाईंच्या भाजणी-मेतकुटाच्या घरगुती धंद्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. अरेरा कॉलोनीतल्या दुकानदार शोभाताईंनी फेब्रुवारीतच निरोप धाडला होता : एक जूनपासून छापील बिल नसेल, तर माल घेता येणार नाही. निम्मा माल त्यांच्याकडेच जायचा. आणि आज एकतीस मे होती.

काशिनाथराव गेल्या दिवाळीत कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले. पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर आता तिथंच नोकरीला असलेल्या मुलाच्या, उदयच्या नावावर होतं. पण नियम अजून वडिलांचे होते. चौतीस वर्षं त्यांनी खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं खरेदी केलं, पण तीन दरपत्रकं आल्याशिवाय कधी टाचणी घेतली नाही. सॉफ्टवेअरचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलाशी बसत. तुलनातक्त्यात सत्तावीस रकाने आखले होते. त्यांतला एक ‘गंजरोधक क्षमता’ असा होता. तो जुन्या सवयीनं पडला होता आणि आधीच्या दोन्ही पाकिटांतल्या कंपन्यांनी तो इमानानं भरून पाठवला होता.

कागद मात्र सगळे पाठकोरे. कोऱ्या कागदावर कच्चं काम करणं म्हणजे सरकारी पैशाची नासाडी, हा खात्यातला संस्कार. वंदना असे कागद त्यांच्या खणात आणून ठेवी. आणि पाठकोऱ्याची दुसरी बाजू ते कधीही वाचत नसत. ते दुसऱ्या टेबलाचं प्रकरण. त्यात नाक खुपसायचं नाही.

गोविंदपुऱ्याचा गोपीनाथ तर मार्चच्या पहिल्याच आठवड्यात बाद झाला होता. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांत स्वस्त होतं. पण दरपत्रक त्यानं उघडंच आणलं. वर हसून म्हणाला होता, “काका, घरातल्या घरात कसली लाख आणि कसला शिक्का?” काशिनाथरावांनी त्याला चहा पाजला आणि यादीतल्या त्याच्या नावावर काट मारली.

तिसरं दरपत्रक त्यांनी वाचलं. दुसऱ्या पानावर सही नव्हती. पुन्हा पाहिलं. नव्हतीच. म्हणजे हेही बाद. उरली दोन. दोनांवर निर्णय होत नाही. निविदा पुन्हा काढायला हवी.

हे त्यांनी स्वतःच्याच तोंडानं जाहीर केलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या एक जून. चौतीस वर्षं खरेदी केलेल्या माणसानं बायकोचा धंदा चार महिन्यांत बुडवून दाखवला होता. तेही नियमानुसार.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. कमलिनीबाई भाजणी भाजत होत्या. काशिनाथरावांनी सगळं सांगितलं, अगदी राहिलेल्या सहीसकट. दूधवाला दहा मिनिटं लांबला तर फाटकापर्यंत फेऱ्या मारणारी ही बाई. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि उलथन्याच्या तालावर आपली ओवी गुणगुणत राहिली :

शहाणा गाडीवान, चाकाचं माप घेतो
बैल घरी पोचला, गोठ्यात कडबा खातो

रागावली असती तर बरं होतं, असं वाटून काशिनाथराव टेबलाशी परतले. नव्या निविदेचा मसुदा लिहायला त्यांनी खणातून पाठकोरा काढला. ‘विषय’ एवढंच लिहिलं असेल, तोच पंख्याच्या वाऱ्यानं कागद पालथा झाला.

ते छापील बिल होतं. डोक्यावर कमलिनी गृहउद्योग. खाली शोभाताईंच्या दुकानाचं नाव, भाजणी वीस किलो, मेतकूट आठ किलो. शाई एका कोपऱ्यात फिसकटलेली, म्हणून बाद केलेली प्रत. तारीख बारा मार्च. तळाशी बारीक अक्षरांत सॉफ्टवेअरचं नाव. गोपीनाथचं.

त्यांनी तुलनातक्ता उलटला. त्याच्या पाठीवर एप्रिलची बिलं होती. सत्तावीस रकान्यांच्या मागे सगळा धंदा सुरळीत चालू होता.

वंदना लेबलं तशीच सोडून पदराशी चाळा करू लागली. ते कागद घेऊन आत गेले. कमलिनीबाईंनी कागदाकडे पाहिलं, गॅस बारीक केला.

“अहो, निवृत्त झाल्यापासून तुम्ही नुसते खिडकीत बसून कारखान्याचा भोंगा ऐकत होता. हे काम निघालं आणि तुम्ही परत रोज दाढी करायला लागलात,” त्या म्हणाल्या. “मग मोडवेना आमच्याच्यानं.”

काशिनाथरावांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला. गंजरोधक क्षमतेचा रकाना आठवला आणि त्यांना हसू फुटलं; ते डोळ्यांपर्यंत जाऊन जरा ओलं झालं. मग ते टेबलाशी आले, चष्मा पुसला आणि तक्त्याच्या तळाशी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ‘गोपीनाथ यांच्याकडील खरेदीस मंजुरी देण्यात येत आहे.’

खाली सही केली. चौतीस वर्षांत त्यांनी मागची तारीख कधी कुणासाठी घातली नव्हती. आज घातली : बारा मार्च.