तोंड कुणी उघडलं

"नाव लिहा तिचं. अंजली. आडनाव तुमच्याकडे असेलच," स्वरूपा म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आधी बसा."

"बसायला नाही आले."

चाकणजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात सकाळची गर्दी होती. दाराशी माणसं उभी होती म्हणून स्वरूपाने आवाज उतरवला. राग उतरला नाही.

चार महिन्यांपूर्वी इथेच तिच्या नवऱ्याला, गणराजला, टीबी निघाला होता. त्याच आठवड्यात रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीही निघाला. स्वरूपाचं रक्त तपासलं, ते निगेटिव्ह आलं. रोग कुठून आणलास, हे तिने एकदाच विचारलं आणि उत्तर ऐकून दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्यांच्या वेळी पाण्याचा तांब्या तिनेच पुढे केला. अट एकच घातली. टीबीचं लोकांना कळलं तर कळू दे, दुसऱ्याचं कुणालाही कळता कामा नये. गणराजने साक्षीची, त्यांच्या पोरीची, शपथ घेतली.

दवाखान्यातली अंजली दर आठवड्याला त्यांच्या निघोज्याच्या खोलीवर यायची. दोन्ही रोगांच्या गोळ्या वेळेवर घेतोय ना ते बघायची, वजन विचारायची. एक्केचाळीस किलोचा गणराज सत्तेचाळीसवर आला. खोकला थांबला. तो पुन्हा कंपनीत जायला लागला आणि महिनाभरातच ठेकेदाराने गेटवर त्याचा पास काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्वरूपा स्वतः गेटवर गेली. "आता त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. डॉक्टरांचं पत्र आहे."

"टीबीचं कोण बोलतंय?" ठेकेदार म्हणाला. "दुसरं काय आहे ते सगळ्या लाइनला माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याकडे दवाखान्यातली बाई येते ना? मग लपणार कसं?"

ती घरी पोचायच्या आत बातमी चाळीत पोचली होती. घरमालकीण छबूबाई उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "आमी काय वाईट बोलत न्हाई बाई. पण नळाला हात लावू नगा. आन महिना भरला की दुसरी खोली बघा." साक्षी दारात उभी राहून शेजारच्या पोरींचा खेळ बघत होती. तिला कुणी बोलावलं नाही.

"कुणी सांगितलं असेल?" स्वरूपाने नवऱ्याला विचारलं.

गणराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कुणी का सांगितलं असेना. जाऊ दे."

त्या 'जाऊ दे'ने तिचं डोकं फिरलं. ठेकेदाराला ती काही करू शकत नव्हती, छबूबाईच्या तर छपराखालीच राहत होती. राहिली अंजली. म्हणून नवऱ्याला न सांगता ती आज इथे आली होती.

डॉक्टरांनी अंजलीला बोलावलं. पिंपरीहून स्कूटीवर येणारी तिशीतली बाई, कंत्राटावर लागलेली. स्वरूपाला बघून ती नेहमीसारखी हसली, मग तिचा चेहरा बघून थांबली.

"पेशंटचं नाव बाहेर फुटलंय," डॉक्टर म्हणाले. "कायद्याने हा गुन्हा आहे, माहितीये ना?"

"माहितीये सर. मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मग बाहेर कसं गेलं? तुम्हाला काही कल्पना?"

अंजलीने स्वरूपाकडे बघितलं. 

"ते मला सांगता येणार नाही सर."

"म्हणजे माहितीये."

अंजलीने नजर खाली घातली.

"बघा," स्वरूपा म्हणाली. "नजर बघा तिची. माझ्या घरात चहा प्यायलीस तू. माझी पोर तुला मावशी म्हणायची. तुझ्यामुळे तिच्याशी आता कुणी खेळत नाही."

"ताई, गणराजभाऊंच्या गोळ्या चुकू देऊ नका," अंजली म्हणाली. "दोन्ही."

चौकशी होईपर्यंत तिचं काम थांबवल्याचा कागद त्याच दुपारी निघाला. स्वरूपाने तो डोळ्यांनी बघितला, मगच ती घरी गेली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवण गेलं.

आठ दिवसांनी ती गोळ्या न्यायला आली. गणराज काम शोधत चाकणच्या कंपन्या फिरत होता. अंजलीच्या जागी कुणी आलं नव्हतं, रांग हलत नव्हती. पुढे तोंडाला मास्क बांधलेला पन्नाशीचा माणूस तिसऱ्यांदा खिडकीत विचारत होता, अंजलीताई कधी येणार.

"ती येणार नाही," स्वरूपा म्हणाली. "काढलंय तिला."

माणूस मागे वळला. त्याने तिला ओळखलं. "गणराजच्या घरच्या ना तुमी? मी चिमाजी. त्याच्याच लाइनला हाय." मग आवाज अगदी खाली आणला. "ताईला कशापायी काढलं?"

"गणराजचं सगळ्यांना सांगितलं तिने."

चिमाजीने जोरजोरात मान हलवली.

"तिनं? न्हाई हो. मला बी आता त्योच रोग निघालाय. तवा खोकला तीन महिन्यांचा हुता. मी तपासायला तयार न्हवतो. कळलं तर फास लावून घेईन म्हनायचो. कँटीनला जेवताना सगळे माझ्यापासून ताट घेऊन उठले, तवा गणराज माझ्या शेजारी येऊन बसला. सगळ्यांदेखत म्हनला, मला टीबी बी हाय आन एचआयव्ही बी हाय, गोळ्या खातोय, मेलो का? आन दुसऱ्या दिवशी मला हितं घेऊन आला."

"गणराजनेच?" स्वरूपा म्हणाली.

"ताई हे ऐकून लई चिडली त्याच्यावर," चिमाजी म्हणाला. "पर त्यानं हात जोडलं तिला. म्हनला, काय बी झालं तरी माझ्या बायकोला सांगू नका, मी पोरीची शपथ मोडलीय."