पालथ्या बाटल्या

प्रदूषण खात्यातले शास्त्रज्ञ फणसळकर न सांगता तपासणीला गेले, की कारखान्यातून खाडीत सुटणारं पाणी नेमकं नितळ निघे. एरवी त्याचा वास गावभर! आतलंच कोणीतरी खबर देतंय, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ड्रायव्हर शिवलकरची त्यांनी चिपळूणला बदली करवली. तरी पाणी नितळच. मग शिपायाशी बोलणं तोडलं, तपासणीचा दिवस बायकोलाही सांगेनासे झाले. नमुन्याच्या बाटल्या तर पहिल्यापासूनच, दुसऱ्याच्या हातावर विश्वास नको म्हणून, ते आदल्या दिवशी घरी आणून स्वतः धूत आणि रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, उन्हात पालथ्या घालत.

२००३ साली एकदा ते एकटेच एसटीने गेले. पाणी पुन्हा नितळ! खाडीत जाळं टाकणाऱ्या गफूरचाचांना त्यांनी दरडावलं, "खरं सांगा, खबर कोण देतं?"

"कोण कशाला देतोय, साहेब? तुमच्या गडग्यावर बाटल्या पालथ्या दिसल्या की दुसऱ्या दिवशी पाणी साफ. आम्हीपण त्याच दिवशी जाळं टाकतो."

फणसळकरांना चिपळूणला धाडलेला शिवलकर आठवला.

जाळं ओढता ओढता चाचा म्हणाले, "साहेब, एक करा. बाटल्या रोज वाळत घाला."