दादा, तुम्हाला विचारलंय

"दादा, तुम्हाला इथं आवडतं का?" अनुयाने विचारलं, तशी कस्तुराने मागे वळून पाहिलं. ही बाई 'तुम्ही' नक्की कोणाला म्हणतेय? मागे नुसती भिंत होती. तिच्या बुद्धभूषणला छत्तीस वर्षांत कोणी अहो-जाहो केलं नव्हतं. डॉक्टर त्याच्याविषयी बोलायचे, तेही तिच्याशीच.

"हो," भूषण म्हणाला.

"इथं नकोसं वाटतं का?"

"हो."

अनुयाने पेन खाली ठेवलं. देहूरोडच्या या निवासी केंद्रात राहणाऱ्या गतिमंद प्रौढांचं आयुष्य कसं चाललंय, ते मोजायला ती पुण्याहून आली होती. आयुष्य मोजायचं म्हणजे काय, हे कस्तुराच्या डोक्यात शिरलं नव्हतं. लुगडं असतं तर तिने हाताने मोजून दिलं असतं. पण भूषणचं 'हो' तिला बरोबर समजलं, कारण ते तिनेच शिकवलं होतं. मोठ्या माणसाने विचारलं की हो म्हणायचं, म्हणजे कोणी ओरडत नाही. तेच शहाणपण आज अंगाशी आलं होतं.

"त्याला घरी यायचंय, मॅडम," ती म्हणाली. "मला ठाव हाय. तुमी लिवा."

ती आली होती तीच त्यासाठी. नवरा भिवा गेला आणि आपल्यामागे या लेकराचं कसं होणार ही धास्ती तिला बसली. दिवाळी झाल्यावर तिने काळजावर दगड ठेवून भूषणला इथं आणून सोडलं. शनिवारी त्याला दापोडीला घरी न्यायचं आणि सोमवारी परत पोचवायचं, असं चाललं होतं. पण पोटचा गोळा परक्याच्या दारात टाकला, हे तिचं मन खात होतं. आज त्याला कायमचं घरी न्यायचं तिने पक्कं केलं होतं, आणि केंद्र चालवणाऱ्या साधनाताईंना तसं सांगूनही टाकलं होतं. ताई एवढंच म्हणाल्या, आधी त्याचं त्याला बोलू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं.

अनुयाने तिला अगदी हळू आवाजात बाहेर बसायला सांगितलं. आई समोर असली की मुलं आईची उत्तरं देतात, म्हणाली. कस्तुराला राग आला. इतकी वर्षं जी त्याची जीभ होऊन राहिली, तिलाच दार दाखवायचं? ती उठेना. मग भूषणनेच तिच्याकडे पाहून मान हलवली, जा म्हणून, आणि तिचा नाइलाज झाला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. उन्हाळ्याची दुपार होती. अंगणातल्या सावरीची बोंडं उकलली होती आणि त्यांचा कापूस हवेत तरंगत होता, खाली यायची कसलीच घाई नसल्यासारखा. लांब कुठल्यातरी कारखान्याची एकसुरी घरघर ऐकू येत होती. तिचा डोळा कधी लागला, ते तिलाही कळलं नाही.

स्वप्नात अंगणभर कापूस साचला होता, घोट्याएवढा. भूषण भिवाचा खाकी शर्ट घालून त्यातून चालत येत होता आणि त्याची पावलं उमटत नव्हती. तो बोलत होता, न अडखळता, बापाच्या आवाजात. आई, मला घरी ने, म्हणत होता. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. किती छान बोलतोस रे, असं म्हणत तिने हात पुढे केला, तर हातात नुसता कापूस आला.

ती जागी झाली, तरी आवाज थांबला नाही. तो खिडकीतून येत होता. अडखळणारा, शब्द शोधणारा, खरा भूषणचा.

अनुयाने हो-नाहीचे प्रश्न सोडून दिले होते. आता ती केंद्रातले फोटो त्याच्यापुढे ठेवून, हे काय, इथं काय चालतं, असं विचारत होती आणि थांबत होती. भूषण सांगत होता. खिडकीजवळची खाट त्याची होती. शेजारचा साहेबराव घोरायचा, मग भूषण त्याला कुशीवर वळवायचा. चाकणच्या कंपनीचे नट-बोल्ट तो पिशव्यांत भरायचा, आणि पहिल्या कमाईची त्याने सगळ्यांना भेळ दिली होती. कस्तुरा ऐकत राहिली. हा एवढा बोलतो? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपणच ते पुरं करत आलो, हे तिला पहिल्यांदा जाणवलं आणि लाज वाटली.

"आणि सुट्टीच्या दिवशी काय करता, दादा?" अनुयाने विचारलं.

"सुट्टी नसती," भूषण म्हणाला. "शनवारी ड्यूटी असती."

"कुठे?"

"दापोडीला. आईपाशी." तो पुढचे शब्द शोधू लागला. अनुयाने ते पुरवले नाहीत. "आई एकटी असती. अंधाराला घाबरती. मी बाजूला झोपलो की मग झोपती."

कस्तुरा बाकावरून हलली नाही. पदरावर कापूस येऊन बसला होता, तो तिने झटकलाही नाही. थोड्या वेळाने साधनाताई चहा घेऊन आल्या आणि भूषणची बॅग भरायला घेऊ का, म्हणून त्यांनी विचारलं.

"नको, ताई," कस्तुरा डोळे पुसत म्हणाली. "त्याला शनवारचीच ड्यूटी ऱ्हाऊ द्या. रोजची झेपायची न्हाई लेकराला."