बाटलीभर पाणी

बाळांनो, डोळे मिटा आणि असं घर मनात आणा. लातुरात दुष्काळ आहे, टँकर आलेला नाही, घागर कोरडी आहे. आईला मात्र दवाखान्यात रोज बाटलीभर पाणी प्यावंच लागतं.

सिंधूच्या आईला, चांगुणाला, गर्भपिशवीचा कर्करोग होता आणि दवाखान्यात त्यावर यंत्रानं किरणं देत. पाण्यानं लघवीची पिशवी भरली, की आतडी बाजूला सरकतात आणि किरणांपासून वाचतात.

सिंधूच्या डोळ्यांदेखत आईनं बाटली संपवली. तरी यंत्रावरच्या चित्रात पिशवी आजही रिकामीच होती.

"पाणी लेकराला पाजता का काय, बाई?" सिस्टर चिडल्या. "अशी किरणं दिली तर आतडी भाजतील. आणि रोज परत पाठवलं तर गाठ थांबणार आहे का?"

"लेकराची शपथ, समदं पेले की हो मी."

किरणं न घेताच दोघी घरी आल्या. सकाळी कोरड्या असलेल्या घागरीत, टँकर न येताच, बाटलीभर पाणी होतं. सिंधूनं हात घातला. पाणी नितळ होतं, पण आईच्या अंगासारखं कोमट.

आई पोट धरून कोपऱ्यात निजली. बापानं, ग्यानोबानं, घागरीतून पेला भरला.

"पी गं. रोज हेच पिऊन राहिलो आपण."

सिंधूचा घसा सुकला होता. तिनं आईकडे पाठ केली आणि पेला तोंडाला लावला.